बायकांच्या दारावरच्या गौराक्का

अक्का, ती बाई माझी आई होती.

मंगलने मला हे सांगितलं ते तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्यावर, सांगलीच्या विश्रामबागेतल्या तुमच्या घराच्या मागच्या नळावर. तुमची लेक पातेली घासत होती, मी विसळत होते. वर न बघता ती म्हणाली, "शैलाताई, आईनं एक निरोप ठेवलाय तुमच्यासाठी. मी गेल्यावरच सांग म्हणाली, आधी न्हाई. थेटरात जी बाई गायली ना, ती तुमची आई." माझ्या हातातलं पातेलं नळाखाली तसंच राहिलं. भरून वाहायला लागलं तरी ते बाजूला घ्यायचं मला सुचेना.

त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मी एका जागी धड बसलेली नाही. कपाट आवरायला काढते आणि अर्ध्यात सोडते. चहा ठेवते, तो आटून जातो. मंडईत गेले आणि काय आणायचं होतं ते न आठवून रिकामी पिशवी घेऊन परत आले. तुमच्यावर चिडायचं की तुमचे पाय धरायचे, हेच ठरत नाही. म्हणून लिहायला बसले, तर आत्तापर्यंत दोनदा उठून आले.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले. कऱ्हाडचं जुनं थेटर पाडायचं ठरलं होतं आणि गावातल्या काही हौशी मंडळींना त्याची एक स्मरणिका काढायची होती. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी उंब्रजची, नोकरी सांगलीत कॉलेजच्या ग्रंथालयात, आणि जुने कागद चाळायची मला खोड. ज्याला त्याला थेटराच्या मॅनेजरविषयी सांगायचं होतं, येऊन गेलेल्या नटांविषयी सांगायचं होतं. मग कुणीतरी म्हणालं, बायकांच्या दारावर असायच्या त्या गौराक्का अजून आहेत, सांगलीत लेकीकडे असतात.

दारातच विचारलंत, "कुटली गं तू?"

"उंब्रजची."

"कुनाची?"

मी आबांचं, माझ्या वडिलांचं, नाव सांगितलं. फौजेत सुभेदार होते, असंही सांगितलं. तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, मोतीबिंदू असेल.

"आई हाय?"

"नाही. सात वर्षं झाली."

"आन् वडील?"

"आहेत. उंब्रजलाच असतात."

"बरं," तुम्ही म्हणालात. "बस. च्या घेनार का?"

म्हणजे अक्का, पहिल्या पाच मिनिटांतच तुम्हाला सगळं कळलं होतं. आणि पुढची दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून बोलत राहिलात, मी फोन मांडीवर ठेवून ध्वनिमुद्रण करत राहिले.

त्या दुपारी किती सुंदर गेल्या, हे मला तुम्हाला सांगायचं राहिलं. ते थेटर मुळात नाटकासाठी बांधलेलं. लाकडी रंगमंच, खाली पोकळ, पाऊल टाकलं की घुमायचा. मुके सिनेमे आले तेव्हा त्याच रंगमंचाच्या तोंडाशी पांढरं कापड ताणायला लागले. हे तुम्ही पाहिलेलं नव्हतं, तुमच्या सासूबाईंनी पाहिलं होतं. तुमच्या आधी बायकांचं दार त्या सांभाळायच्या. पण तुम्ही असं सांगायचात, जसं काही कालच घडलंय. खेळाआधी पडद्यावर पिचकारीनं पाणी मारायचे, म्हणजे चित्र उजळ दिसायचं. पडद्याच्या एका अंगाला पेटी-तबला आणि दुसऱ्या अंगाला काठी घेतलेला एक माणूस, आता राजा रागावला, आता राणी रडते, असं मोठ्यानं सांगणारा.

"त्यो मानूस एकदा जेवून आला आन् उब्या उब्या झोपला," तुम्ही म्हणालात. "हिकडं राणी मेली तरी सांगंना. बायकांस्नी वाटलं, निजलीया."

बायका आणि पुरुष यांच्या मधे कापडी पडदा असायचा. दिवे गेले की वर जायचा, दिवे लागायच्या आत खाली यायचा. बायकांचं दार वेगळं, मागच्या बोळात. तमाशाचे खेळ लागले की ते दार आठवडाभर बंद. "तवा मला सुट्टी," तुम्ही म्हणालात, आणि मग आवाज खाली आणून, "पन मी खांबाआडनं बगायची. लय झ्याक नाचायच्या त्या. लिवू नगंस हां." मी लिहिलं नाही. आता लिहितेय, रागवू नका.

तुम्ही जतकडच्या. माहेरी अर्धं बोलणं कानडीत, पाण्यासाठी दोन-दोन मैल चालायचं. लग्न होऊन कऱ्हाडला आलात आणि सासूबाईंनी तुम्हाला दारावर उभं केलं. पहिल्याच महिन्यात पडद्यावर समुद्र आला. तुम्ही दार सोडून आत गेलात आणि पार पुढे जाऊन उभ्या राहिलात. सासूबाईंनी सगळ्यांदेखत तुम्हाला हाताला धरून मागे आणलं. "एवडं पानी," तुम्ही मला सांगत होतात, आणि पंच्याऐंशीच्या घरात तुमचे डोळे तसेच मोठे झाले होते. "एवडं पानी, आन् कुनाच्या डोक्यावर एक हंडा न्हाई."

बायकांच्या बाजूला खुर्च्या नव्हत्या, जाजम होतं. खांबाला तुम्ही जुन्या लुगड्याची झोळी बांधून ठेवलेली, रडणारं पोर त्यात घालायला. खेड्यांतून येणाऱ्या बायकांच्या एसटीच्या वेळा तुम्हाला पाठ. खेळ संपायला पंधरा मिनिटं असली की तुम्ही अंधारात वाकून एकेकीच्या खांद्यावर बोट लावायचात. "ऊठ, तुजी गाडी." त्यामुळे उंब्रज-मसूरकडच्या कित्येक बायकांनी आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. पुढच्या वेळी आल्या की दारातच विचारायच्या, "अक्का, फुडं काय झालं?" आणि तुम्ही दारात उभ्या राहून शेवट सांगायचात.

एकदा तुम्ही मला असा एक शेवट सांगितलात आणि मी हसले. "अक्का, त्यात नायिका मरते. बरी होत नाही."

"म्हाईत हाय मला," तुम्ही म्हणालात. "पन इचारनाऱ्या बाईला टीबी झालेला. तिला काय सांगू?"

मला ते तेव्हा फार आवडलं होतं. आणि त्याच गोष्टीचा मी पुढे तुमच्यावर वार करायला उपयोग केला.

भूकंपाची गोष्ट तुम्ही मला तीनदा सांगितलीत. कोयनेचा मोठा भूकंप होऊन गेला होता आणि नंतरचे लहान धक्के बसतच होते. लोक अंगणात निजायचे. थेटर काही दिवस बंद होतं. मग एक देवाधर्माचा सिनेमा लागला आणि दुपारी तीनच्या खेळाला बायकांनी गर्दी केली, घरात भिंतींकडे बघत बसून जीव उबगला होता म्हणून. मध्यंतर होऊन थोडा वेळ झाला असेल. जमीन हलली. रंगमंच पोकळ, त्यामुळे आवाज असा आला, की खालून कुणी बैलगाड्या पळवतंय. लाईट गेली, पडदा काळा झाला आणि सगळ्या बायका उठून तुमच्या दारावर आल्या.

"आन् दार आत उगडायचं," तुम्ही म्हणालात. "समजतंय का तुला? आत. बाया माज्या अंगावर, मी दाराला चिकटलेली. कडी काडली, पन वडू कशी? मागं सरा म्हनून वरडतेय, कोन आयकतंय. एक म्हातारी खाली पडली. झोळीतलं पोर किंचाळतंय. मी म्हनलं, संपलं आता. हितंच मरनार सगळ्या."

तेव्हा दाराजवळच बसलेली एक तरुण बाई. गाडी गाठायची म्हणून ती नेहमी दाराजवळ बसायची. तिनं आपल्या कडेवरचं मूल तुमच्या हातात दिलं आणि गर्दी येत होती त्याच्या उलट दिशेनं, भिंतीला धरून धरून ती पुढे गेली. रंगमंचाला बायकांच्या बाजूनं तीन पायऱ्या होत्या, त्या चढली. पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि गायला लागली.

"कशी गं सांगू तुला. शिकल्याली बाई हुती ती. नाटकातल्यावानी आवाज लावला. वरनं आपरेटरनं बॅटरी मारली तिच्यावर. बायांस्नी वाटलं, खेळ फिरून लागला. बगाया मागं वळल्या. नुसत्या वळल्या गं, पन तेवडीच जागा झाली मला. दार वडलं. मग एकेक करून सोडली. ती गातच हुती, शेवटली बाई भाईर पडंस्तवर."

मॅनेजर तोपर्यंत रस्त्यावर पोचलेले होते, हे तुम्ही पुढे जोडलंत. गावात मात्र गोष्ट अशी झाली, की मॅनेजरांनी रंगमंचावर उभं राहून सगळ्यांना शांत केलं. त्यांचा सत्कार झाला, गळ्यात हार पडला. मला स्मरणिकेसाठी सगळ्यांनी सांगितली ती हीच गोष्ट.

"अक्का, त्या बाईचं नाव काय?" मी विचारलं.

"न्हाई सांगनार."

"माहीत नाही का?"

"म्हाईत हाय. न्हाई सांगनार."

पहिल्या वेळी मी सोडून दिलं. दुसऱ्या वेळी आर्जव केलं. तिसऱ्या वेळी मी चिडले. नाव नसलं तर मी हे छापू शकत नाही, म्हणाले. गावातली वीस माणसं एक सांगतायत आणि तुम्ही एकट्याच दुसरं. नाव द्या, मी तिच्या घरच्यांना भेटते, विचारते. तुम्ही सुपारी कातरत होतात. मान हलवलीत, बस. मी म्हणाले, "मेली असेल ती आता. कुणाला काय फरक पडतो?"

तुमचा अडकित्ता थांबला. "फरक पडतो," तुम्ही म्हणालात. "सबूद दिलाय."

आणि मग मी ते बोलले. मला शब्द अन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही बायकांना सिनेमांचे शेवट खोटे सांगायचात ना? हे पण तसलंच काहीतरी रचलंय तुम्ही. अशी बाई नव्हतीच."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पहिल्या दिवशी दारात बघितलं होतंत तसंच. आता मला तो चेहरा सारखा समोर दिसतो आणि मी उठते आणि घरभर फिरते. एक शब्द, अक्का. तुमच्या तोंडात होता. तेवढा बोलला असतात तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. समोर तिचीच मुलगी बसून तुम्हाला खोटं ठरवतेय, आणि तुम्ही ते गिळलंत. "तसं आसंल," एवढंच म्हणालात आणि अडकित्ता परत हातात घेतलात.

मी चार महिने तुमच्याकडे फिरकले नाही. स्मरणिका छापून झाली. त्यात मॅनेजरांचा हार आहे, फोटोसकट. आणि खाली मी एक ओळ लिहिली आहे: "काहींच्या आठवणीनुसार या वेळी एका स्त्रीने गाणे म्हटले, परंतु त्यास दुजोरा मिळत नाही." ही ओळ मी लिहिली. माझ्या आईविषयी. मंगल सांगत होती, की तिनं तुम्हाला सगळी स्मरणिका वाचून दाखवली, ती ओळसुद्धा. तुम्ही ऐकून म्हणालात, "बरं लिवलंय पोरीनं."

मग तुम्ही न्हाणीत पडलात, खुब्याचं हाड मोडलं, आणि मंगलचा फोन आला. मी आले. तुम्ही खाटेवर इतक्या लहान दिसत होतात. मी माफी मागायची ठरवून आले होते, पण तुमच्या उशाशी बसून मी डॉक्टर काय म्हणाले, फिजिओथेरपीवाला कधी येतो, असलंच काहीतरी विचारत राहिले. तुम्ही माझा हात हातात घेतलात. आणि मधेच विचारलंत, "तुजी आई गायची का गं कवा?"

तुम्हाला ताप होता, मला तो प्रश्न तापातला वाटला. मी म्हणाले, "छे. आई? ती कधी गुणगुणायचीसुद्धा नाही. आमच्या आरत्या पण आबाच म्हणायचे, बेसूर. ती नुसत्या टाळ्या वाजवायची."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालात, "टाळ्या ताल धरून वाजवायची?"

"हो," मी म्हणाले, "असेल." आणि घड्याळ बघून उठले. मला मीटिंग होती. अक्का, मला मीटिंग होती.

पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

मंगलनं नळावर मला बाकीचं सांगितलं. आई तुमच्या थेटरात चार-पाचदा आली होती, माझ्या आत्याकडे जाते असं सांगून. तिचे वडील साताऱ्याला एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचे, त्यांनी तिला लहानपणी शिकवलं होतं. उंब्रजच्या घरात लग्न ठरताना आजीनं, म्हणजे आबांच्या आईनं, एकच अट घातली, की आमच्या घरात गाणं-बजावणं चालायचं नाही. आणि तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, की मुलीला गाणं येत नाही. झालं. तेव्हापासून तिला गाणं येत नव्हतं.

त्या दिवशी सगळ्या बायका बाहेर पडल्यावर ती बोळात आली, तुमच्या हातातून मूल घेतलं आणि थरथर कापायला लागली. धक्क्याच्या वेळी कापली नव्हती, तेव्हा कापली. ज्या रंगमंचावर तमाशातल्या बायका नाचतात, तिथं उभं राहून पुरुषांसमोर गायले हे उंब्रजला कळलं तर मला माहेरी धाडतील, नवरा सरहद्दीवर आहे, माझी बाजू घेणारं कुणी नाही, असं म्हणाली. तुम्ही तिला म्हणालात, "माज्या तोंडातनं तुजं नाव न्हाई निगायचं." तिची गाडी तुम्ही थांबवून धरलीत, ड्रायव्हरशी भांडून. नंतर ती कधीच थेटरात आली नाही. आम्ही सगळे कऱ्हाडला सिनेमाला जायचो तेव्हा तिचं डोकं दुखायचं. तिचं डोकं दर वेळी दुखतं, यावरून आम्ही भावंडं तिची चेष्टा करायचो.

"आईनं तोंडातनं नाव काढलं न्हाई, मला पन 'शैलाची आई' येवढंच म्हणाली," मंगलनं सांगितलं. "शेवटच्या दिवशी मला सांगितलं, मी मेले की माजं तोंड बंद झालं. मग तू सांग. माजा सबूद मोडला न्हाई." हे सांगताना मंगलला रडता रडता हसू आलं, आणि मलाही. तुम्ही वकील व्हायला हव्या होतात.

आणि ते कडेवरचं मूल म्हणजे मी. ते मंगलला वेगळं सांगावं लागलं नाही. तुम्ही मला कडेवर घेऊन ते दार उघडलंत.

मग मला एकच घाई झाली. आबांना सांगायची. तुमचा शब्द तुमच्यापुरता होता, आईची भीती तिच्यापुरती, आजी जाऊन तीस वर्षं होऊन गेली. पण आबा आहेत. परवा सकाळी पहिल्या गाडीनं उंब्रजला गेले. रस्ताभर मनात भांडत होते. कुणाशी ते कळत नव्हतं. कधी आजीशी, कधी तुमच्याशी, बऱ्याचदा आबांशी.

आबा मळ्यातून फिरून आले होते, ओसरीवर बूट काढत होते. अजून फौजेतल्यासारखी नाडी घट्ट बांधतात, सोडायला वेळ लागतो. मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. थेटर, धक्का, आत उघडणारं दार, तुम्ही, मी, आई. ते एक बूट हातात धरून ऐकत होते.

"त्या वक्ताला मी तिकडं बॉर्डरवर," ते म्हणाले. "चिठ्ठी आल्याली तिची. धक्के बसत्यात, पोर बरी हाय, काळजी करू नका. एवढंच हुतं त्यात."

"तुम्हाला कधी कळलं नाही? इतक्या वर्षांत?"

"न्हाई."

"आजीनं अट घातली तेव्हा तुम्ही तिथं होता ना?"

"हुतो की. म्होरंच बसलो हुतो." ते बुटाकडे बघत राहिले. "काय बोललो न्हाई. मला वाटलं, येतच न्हाई तिला, तर काय बिगडतंय."

मी जे भांडण गाडीभर जमवून आणलं होतं, ते कुठे ठेवायचं ते मला समजेना. मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर ते अजून तसेच बसलेले, एका पायात बूट.

"काय गायली गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तितं. स्टेजवर. कुठलं गानं गायली?"

अक्का, मला माहीत नव्हतं. तीनदा ऐकूनही माहीत नव्हतं. मी नाव विचारलं, गाव विचारलं, साक्षीदार विचारले, पुरावा मागितला. ती काय गायली, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही, आबा."

"त्या अक्कांस्नी म्हाईत असंल."

"त्या गेल्या."

मी फोन काढला. तुमची सगळी ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. तुम्ही गेल्यापासून एकही लावायचा मला धीर झाला नव्हता. भूकंपाची तिसरी वेळ शोधून काढली आणि आबांच्या शेजारी ओसरीवर बसले. तुमचा आवाज आला. मागे मंगलच्या कुकरच्या शिट्ट्या, तुमचा अडकित्ता. दार आत उघडायचं, समजतंय का तुला. आबा कान फोनला लावून ऐकत होते. ती पायऱ्या चढली. पदर ओढला.

"आन् गाया लागली," तुम्ही म्हणालात. "बोल आता आटवत न्हाईत मला. पन चाल अशी हुती बग…"

आणि तुम्ही गुणगुणायला लागलात. म्हाताऱ्या, खरखरीत आवाजात. एक सूर, मग त्याच्या वरचा, मग तिसरा थोडा लांबवलेला. आणि त्याच्यावर माझा आवाज, अगदी स्पष्ट, घाईतला: "ते राहू द्या, अक्का. आधी नाव सांगा."

तुम्ही थांबलात. पुढे माझंच भांडण होतं, ते मी बंद केलं.

"फिरून लाव," आबा म्हणाले.

मी लावलं. तीन सूर, आणि मी.

"फिरून लाव."

तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. माझा आवाज आला तसे त्यांनी ते उघडले. रागानं नाही, खरंच न कळल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू मधी कशाला बोललीस गं?"

अक्का, मी चौथ्यांदा लावलं.